चिंतावारांचं वाचन

आदिलाबादच्या मे महिन्यात बिनबाह्यांचा स्वेटर घालून फिरणारा माणूस मी एकच पाहिला. डॉक्टर विठ्ठल चिंतावार. मी ज्या ट्रस्टच्या दवाखान्यात कॅज्युअल्टीची नर्स होते, तिथं ते रेडिओलॉजिस्ट होते. म्हणजे एक्स-रेत, सोनोग्राफीत, सीटी स्कॅनमध्ये काय दिसतं ते वाचून लिहून देणारे डॉक्टर. मशीनसाठी त्यांची खोली इतकी थंड ठेवलेली असे, की उन्हाळ्यात आम्ही नर्सा काहीतरी निमित्त काढून तिथं जायचो. ते मात्र दिवसभर त्या थंडीत, अंधारात बसलेले. बाहेर आले तरी स्वेटर काढायचं त्यांच्या लक्षात येत नसे. रस्त्यावर डांबर वितळायचं आणि हा माणूस स्वेटर घालून काकडी खात फाटकाशी उभा.

घराणं इथलंच, मराठी व्यापाऱ्यांचं. वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान. शिक्षण मोठ्या शहरांत झालं, पण पेशंटशी ते आमच्या पैनगंगेकाठच्या माणसासारखंच बोलायचे. टेबलावर आडव्या झालेल्या बाईला विचारायचे, "कुठं दुखते वं माय? हातानं नोको दाखवू. हातानं दाखवलं तं सारं पोटच दुखते. एका बोटानं दाखव." बाई विचार करून एक बोट टेकवायची, आणि मग ते मशीनकडे वळायचे. असं बोट टेकवायला लावणारा रेडिओलॉजिस्ट मी पुन्हा पाहिला नाही. बाकीचे पेशंटचं तोंडही पाहत नाहीत.

"पाहता साऱ्याईले येते, विमलताई," ते मला म्हणायचे. "वाचता येत नाई." हे त्यांचं आवडतं वाक्य. सर्जन, हाडांचे डॉक्टर, मेडिसिनचे डॉक्टर, सगळे त्यांच्या मते नुसते पाहणारे. कोणी त्यांच्या रिपोर्टाआधी फिल्म उजेडाला धरून काही बोललं, की ते त्याच्या हातातून ती काढून घ्यायचे. ओढून नाही, अगदी हळू, लहान लेकराच्या हातातून सुरी घ्यावी तशी. समोरच्याला ते जास्त लागायचं.

त्यांची करामत मी पहिल्यांदा पाहिली ती जिनिंगमधल्या माणसामुळे. कापसाच्या गाठीवरून पडलेला एक हमाल आला होता. मान दुखते म्हणत होता. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, मुका मार आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. त्याच्या भावांनी त्याला ऑटोत बसवलं. इतक्यात चिंतावार खोलीतून पळत आले. पायात चप्पल नव्हती. "थांबवा! तो ऑटो थांबवा!" ऑटो फाटकाबाहेर पडतच होता. ते आत चढले आणि त्या हमालाचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसले. स्ट्रेचर येईपर्यंत, त्याला त्याच्यावर घेईपर्यंत, आत नेईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. मानेचं वरचं हाड मोडलेलं होतं. एका धक्क्यात माणूस जन्मभर लुळा झाला असता, नाहीतर गेलाच असता.

इथपर्यंत कोणीही त्यांच्या पाया पडावं असंच होतं. पण ते तिथं थांबले नाहीत. ती फिल्म घेऊन कॅन्टीनमध्ये गेले. हाडांचे डॉक्टर चहा घेत होते. आजूबाजूला पेशंटचे नातेवाईक, वॉर्डबॉय, आम्ही. चिंतावारांनी फिल्म त्यांच्यापुढे धरली. "दाखवा. तुमाले यात मुका मार कुठं दिसला ते दाखवा." ते डॉक्टर उठू लागले तर खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. "बोट ठेवा ना, डॉक्टर. सारे पाहून राह्यले."

त्यांनी बोट ठेवलं नाही. पुढं वर्षभरात ते दवाखाना सोडून गेले. एकाची मान वाचवली आणि दुसऱ्याची घालवली, असं आमच्यात बोललं जायचं. हमालाची मान नंतर हैदराबादेत जाऊन दुरुस्त झाली, ही त्यातली चांगली गोष्ट.

पण त्याचा शेवट सांगायला हवा, कारण चिंतावार असे का होते ते मला त्या दिवशी थोडं कळलं. काही महिन्यांनी तो हमाल पेढ्यांचा पुडा घेऊन दवाखान्यात आला. त्याला हैदराबादला पाठवण्याची व्यवस्था आमच्या सर्जननं केली होती, त्यांना भेटायचं होतं. चिंतावार दारात उभे होते. हमालानं त्यांनाच विचारलं, "एक्स-रेवाले भाऊ, ते मोठे डॉक्टर कुठं बसतात?"

मी मागेच होते. मला वाटलं, आता हे सांगतील. त्यांनी त्याच्या मानेकडे पाहिलं, ती डावीकडे-उजवीकडे कशी वळते ते पाहिलं, आणि बोट करून म्हणाले, "तिकडं. शेवटून दुसरी खोली." तो गेला. चिंतावार आत गेले आणि दार लावून घेतलं.

त्यांनी वाचवलेल्या माणसांना त्यांचं नाव माहीत नसायचं. ट्रस्टच्या कार्यक्रमात हार सर्जनला, शाल बाळंतपणाच्या मॅडमला. यांचं नाव निवेदक विसरायचा. त्या माणसाकडे मानाची जागा म्हणून एकच उरली होती, वाचण्याचा अधिकार. ती ते कोणाला देणार नव्हते.

अशात डॉक्टर नरेश आला.

नरेश बेल्लमपल्लीचा, कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा मुलगा. इमर्जन्सीचं खास शिक्षण घेऊन आलेला, आईवडिलांजवळ राहता यावं म्हणून मोठ्या शहरातलं सोडून इकडे आलेला. घरात तेलुगू, आमच्याशी हिंदी. मराठी त्याला सगळी कळायची. त्यानं ट्रस्टच्या मागे लागून कॅज्युअल्टीसाठी सोनोग्राफीचं एक छोटं मशीन आणवलं. लॅपटॉपएवढं. अपघाताचा पेशंट आला की हा तिथल्या तिथं पोटावर मशीन टेकवायचा, आत रक्त साठलंय का ते पाहायचा आणि सर्जनला हाक मारायचा.

ट्रॅक्टर उलटून त्याखाली सापडलेला एक पोरगा त्यानं असाच वाचवला. कॅज्युअल्टीतून थेट ऑपरेशनला. चिंतावारांच्या खोलीकडे स्ट्रेचर वळलंच नाही. त्यांना कळल्यावर ते आले, स्टुलावर बसले आणि मशीनमध्ये साठवलेलं चित्र पाहायला मागितलं. बराच वेळ पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

नरेशचा चेहरा खुलला. "थँक यू, सर."

"बरोबर आहे म्हटलं. पण वाचायला सांगितलं कोणी तुले?"

नरेशला वाटलं, गंमत करताहेत. तो हसला. चिंतावार हसले नाहीत.

मग एक म्हातारा आला, पोटात मार लागलेला. नरेशनं मशीन लावून रक्त आहे म्हणून सांगितलं. सर्जननं पोट उघडलं. रक्त नव्हतं. चरबीचा थर त्याला रक्तासारखा दिसला होता. म्हातारा जगला, पण टाके पिकले, महिनाभर खाटेवर कण्हत पडून राहिला. नरेश रोज त्याच्या उशाशी जाऊन उभा राहायचा. चिंतावारांचं म्हणणं त्या वेळी मला पटलं होतं, हे खरं सांगते. चुकीचं वाचलेलं माणसाच्या पोटावर उमटतं, हे त्यांचं वाक्य खोटं नव्हतं.

पण त्यांनी पुढं जे केलं ते त्या म्हाताऱ्यासाठी नव्हतं.

गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा आहे. सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन सरकारदरबारी नोंदवावं लागतं, आणि ते कोण वापरणार त्याचंही नाव लागतं. मुलींचा जीव वाचवायला केलेला कायदा. त्या छोट्या मशीनच्या नोंदणीत नाव फक्त चिंतावारांचं होतं. त्यांनी ट्रस्टला अर्ज दिला, की नाव नसलेला माणूस मशीन वापरतो आहे, उद्या दवाखान्याला सील लागलं तर मी जबाबदार नाही. ट्रस्टवाले घाबरले. मशीन कॅज्युअल्टीतून उचलून चिंतावारांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेलं. चावी त्यांच्या खिशात. त्याबरोबर नियमही झाला, की सोनोग्राफीचा रिपोर्ट चिंतावारांच्या सहीशिवाय धरला जाणार नाही. तोंडी सांगितलेलं, फोनवर सांगितलेलं चालणार नाही. ते रजेवर असतील तर बाहेरच्या सेंटरवरून करून आणायचं. हा नियम त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतला.

नरेश त्यांच्याकडे गेला तेव्हा मी एक फिल्म द्यायला तिथंच होते. तो उभा होता, ते बसलेले.

"सर, मेरा नाम भी डलवा दो ना. आप के सामने करूंगा, जितने बोलोगे उतने केस. आप सिखाओ."

चिंतावार चष्मा पुसत राहिले. "शिकायचं आहे? तीन वरीस खुर्चीवर बसून शीक, मी शिकलो तसा. उभ्या-उभ्या नाई येत हे."

"सर, पेशंट भी तीन साल बैठेगा क्या?"

"दार लावून जाय," चिंतावार म्हणाले.

त्यांना नरेशमध्ये काय दिसत होतं कोणास ठाऊक. कदाचित शेवटून दुसऱ्या खोलीत बसणारा आणखी एक मोठा डॉक्टर. मला तर तो त्यांचा चेला होऊ शकला असता असं वाटायचं. चुकलेल्या पेशंटच्या उशाशी जाऊन उभं राहणारे डॉक्टर किती असतात?

सारिका आली त्या दिवशी चिंतावार बासरला होते. नातवाला सरस्वतीसमोर पहिली अक्षरं काढायला बसवायचं होतं. त्यांनी रीतसर रजा घेतली होती.

दुपारची वेळ. देवराव नावाचा भाजी विकणारा माळी बायकोला उचलूनच घेऊन आला. सारिका, विशी-बाविशीची. पांढरीफटक. पोट धरून वाकलेली, आणि म्हणत होती, "खांदा दुखते वं बाई, खांदा." देवराव म्हणाला, "सकाळी मेथीच्या जुड्या बांधत होती. तिथंच बसली. खांदा काऊन दुखून राह्यला तिचा?"

नरेशनं नाडी धरली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली, पाळी विचारली. लघवीची तपासणी केली, तर दिवस गेलेले. गर्भ नळीत राहून नळी फुटली आहे, असं त्यानं मला हळूच सांगितलं. पोटात रक्त साठलं की कधीकधी खांदा दुखतो, ते त्यानंच मला पूर्वी सांगितलं होतं. आम्ही दोन्ही हातांना सलाईन लावलं, रक्ताची चिठ्ठी पाठवली. त्यानं बाळंतपणाच्या मॅडमना बोलावलं.

मॅडम आल्या, पोटाला हात लावला. त्यांनाही तेच वाटत होतं, मला त्यांच्या तोंडावर दिसलं. पण त्या म्हाताऱ्याचं पोट उघडलं तेव्हापासून सगळ्यांनाच धास्ती बसली होती. "सोनोग्राफीचा कागद कुठंय? कागदाशिवाय मी उघडणार नाही."

"मॅडम, टाइम नहीं है."

"मागच्या वेळीपण तू हेच म्हणाला होतास."

नरेशनं चिंतावारांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण त्याचे हात सारिकाच्या नाडीवर होते. पलीकडे देवळातला गलका, घंटा.

"सर, कपाट की चाबी चाहिए."

"चावी माझ्याजवळ आहे. बाहेरून करून आणा. नियम आहे ना."

"सर, नाडी हाताला लागेनाशी झाली आहे," मीच मध्ये बोलले. "पोट फुगून राह्यलं. पोरगी खांदा धरून आहे."

मग चिंतावारांचा आवाज आला, एकदम वेगळा, मोठ्यानं. "फोटोची वाट नोका पाहू. मॅडमले सांगा, पोट उघडा. आत्ता उघडा."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं.

"फोनवरचं मी धरणार नाही," मॅडम म्हणाल्या. "सही पाहिजे. त्यांनीच करून ठेवलंय ते."

"मॅडम, मी सांगून राह्यलो ना!" फोनमधून चिंतावार ओरडले. "मी! चिंतावार!"

मॅडमनी मान फिरवली. त्यांनाही चिंतावारांनी कधीतरी चारचौघांत बोट ठेवायला लावलं होतं.

नरेशनं कपाट फोडायचं म्हटलं तर ऑफिसातला माणूस आडवा आला, जबाबदारी कोणाची म्हणून विचारू लागला. शेवटी ॲम्ब्युलन्स काढली. सेंटर बसस्टँडच्या पलीकडे होतं. नरेश स्वतः आत बसला, रक्ताची पिशवी हातात उंच धरून. देवराव समोर ड्रायव्हरजवळ.

सोनोग्राफी झाली. पोटभर रक्त, कागदावर सहीशिक्का. तो कागद घेऊन ते परत आले तेव्हा नरेश ॲम्ब्युलन्समध्ये सारिकाची छाती दाबत होता. मी दार उघडलं. तो थांबला नाही. आत आणल्यावरही थांबला नाही. मग मॅडमनीच त्याचे हात धरले.

देवरावनं यातलं काय पाहिलं? एक तरुण डॉक्टर बायकोला दवाखान्यातून काढून गाडीत घालतो, बाहेर नेतो आणि मेलेली परत आणतो. त्यानं नरेशची कॉलर धरली. नरेशनं सोडवून घेतली नाही.

चौकशी झाली. वरच्या हॉलमध्ये टेबलाभोवती सगळे बसले होते, मलाही साक्षीला बोलावलं. कोणी 'सारिका' म्हणालं नाही, 'ती केस' म्हणाले. चिंतावार म्हणाले, कायद्यानं मी कुठं चुकलो ते दाखवा. कोणाला दाखवता आलं नाही. मग म्हणाले, मी फोनवर पोट उघडायला सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, लेखी नव्हतं. तेही खरं होतं. मी जे ऐकलं ते सगळं सांगितलं. ते लिहून घेणाऱ्यानं मध्येच पेन खाली ठेवलं होतं. शेवटी असं ठरलं, की पेशंटची स्थिती नाजूक असताना तिला बाहेर हलवण्याचा निर्णय डॉक्टर नरेश यांचा होता.

नरेश त्याच आठवड्यात गेला. आवरताना एकदा मला म्हणाला, "सिस्टर, वो फोन पे सही बोले थे. पहली बार फोटो देखे बिना बोले, और सही बोले." त्याच्या आवाजात राग नव्हता. मला तो राग असता तर बरं वाटलं असतं.

आणि ज्यासाठी हे सगळं झालं तो वाचण्याचा अधिकार? ट्रस्टनं तो एका बाहेरच्या कंपनीला दिला. आता एक्स-रे, सीटी इथं काढतात आणि चित्र तारेवरून दूर कुठंतरी जातं. तिथला कोणीतरी वाचून रिपोर्ट पाठवतो. कोण, ते आम्हाला माहीत नाही. सोनोग्राफीला पाळीपाळीनं बाहेरचे डॉक्टर येतात. चिंतावारांना एक पत्र मिळालं आणि त्यांच्या खोलीत सलाईनचे खोके रचले गेले. निरोपाला कोणी हार आणला नाही. मीही नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, बाजारात.

मी देवरावकडेच भाजी घेते. तो आता एकटाच गाडा लावतो. मी वांगी निवडत होते, तेवढ्यात शेजारी कोणीतरी येऊन टोमॅटो घ्यायला लागलं. पाहिलं तर चिंतावार. वाळले होते. मला ओळखलं, मान हलवली. देवराव त्यांना ओळखत नव्हता. त्यानं त्यांना कधी पाहिलंच कुठं होतं? पण गिऱ्हाईक म्हणून चांगलं ओळखत होता. "या साहेब," म्हणाला, "आज उशीर केला तुमी." म्हणजे ते नेहमी येत होते.

देवराव माझ्याशी बोलायला लागला की सारिकावर येतोच. त्या दिवशीही आला. "तो बेल्लमपल्लीचा डॉक्टर कुठं गेला वं ताई? भेटला तं सोडत नाई मी त्याले. त्यानंच मारली माझी बायको."

"देवराव, असं नोका बोलू," मी म्हटलं. "त्यानं लय धडपड केली. मी तिथंच होती."

"मग काऊन मेली ते?" तराजू त्याच्या हातात तसाच राहिला. "तुमी दवाखान्यातले कोणीच काऊन सांगत नाई? पोट दुखलं अन् माणूस मेला, असं असते का?"

मी चिंतावारांकडे पाहिलं. मुद्दाम पाहिलं. ते टोमॅटो पिशवीत टाकत होते. टाकून झाल्यावर त्यांनी पिशवीचे बंद जुळवले आणि देवरावकडे न पाहता, रिपोर्ट सांगताना लागायचा त्याच आवाजात, सावकाश म्हणाले, "गर्भ पिशवीत राहाले पायजे, तो नळीत राह्यला. नळी बारीक असते. वाढता-वाढता ते फुटली. पोटात रक्त झालं."

देवराव ऐकत राहिला. चिंतावार कपाटाचं, चावीचंही सांगतील म्हणून मी थांबले. त्यांनी टोमॅटोचे पैसे काढून गाड्यावर ठेवले.

"असं होतं काय," देवराव म्हणाला. त्यानं डोळे पुसले. "इतक्या दिवसात कोणी इतकं नीट सांगितलं नाई, साहेब." आणि त्यानं कोथिंबिरीची एक मोठी जुडी उचलून चिंतावारांच्या पिशवीत वरून घातली. त्यांनी ती घेतली, आणि गर्दीत निघून गेले.